मधली फळी

गंगाखेडच्या घाटावरचे नावाडीमामा तरुणपणी नेपल्सहून अलेक्झांड्रियाला जाणाऱ्या प्रवासी बोटीवर खलाशी होते. लसीकरणासाठी मी दर बुधवारी त्यांच्या नावेने गोदावरीपलीकडच्या गावी जायचे. शिट्टी फुंकून ते "चला, नेपल्सवाले!" म्हणत आणि प्रत्येकाला जागा नेमून देत.

एकदा परतताना बौद्धवाड्यातली एक बाई नावेपाशी आली. तिला कळा सुरू झाल्या होत्या. मामांनी तिला मधल्या फळीवर बसवलं. "बस माय, इथं हिसके बसत न्हाईत."

त्याच फळीवर बसलेले पाटील उठले. "तिला मागं बसव, न्हाई तर मी उतरतो."

"उतरा की, मालक."

पाटील उतरले आणि मामा विनवतील म्हणून काठावर थांबले. मामांनी शिट्टी फुंकली, नाव लोटली आणि नदीच्या मधोमध पोचल्यावर ओरडले, "पुढच्या खेपेला येतो, मालक! हीच जागा तुमाला राखतो!"