पोळ्याच्या दिवशी मागवलेल्या गाड्या

ज्या कुणी तो हुकूम लिहिला त्याने आयुष्यात बैल पाहिला असेल, पण वऱ्हाडातला बैलवाला नक्कीच पाहिला नव्हता. समुद्रापलीकडे हबशांच्या मुलखात लढाई लागली आहे, सबब पलटणीच्या खेचरांची खोगिरं, तंबू आणि दोरखंड घेऊन गाड्यांनी अमुक दिवशी अमरावतीची छावणी सोडावी आणि अकोल्याचं स्टेशन गाठावं, असा तो हुकूम होता. आणि तो अमुक दिवस म्हणजे श्रावणाची अमावस्या. पोळा!

आमचे हे त्या पलटणीत सुभेदार होते आणि गाड्या जमवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. ह्यांनी पलटणीच्या साहेबामार्फत वर कळवलं की त्या दिवशी वऱ्हाडात बैलाच्या मानेवर कुणी जू ठेवत नाही, दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर असते म्हणून तेव्हाही नाही. शिवाय श्रावणात आमच्या काळ्या मातीत भरली गाडी चाकाच्या आसापर्यंत रुतते. शिवाय बडनेऱ्याचं स्टेशन इथे हाकेवर असताना अकोला कशाला? वरून उत्तर आलं की बडनेऱ्याच्या आवारात कापसाच्या गाठी पडल्या आहेत, तारीख तीच आहे, आणि गाड्या आल्या नाहीत तर जबाबदार सुभेदार.

ह्यांच्या पेन्शनीला वर्ष राहिलं होतं. वर्षभरात घरी बसून तंबाखू मळायची स्वप्नं पडू लागली होती माणसाला, आणि हे उत्तर आलं. ह्यांनी ते नीट घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बरं." मला हा माणूस "बरं" म्हणाला की असा संताप येतो की सांगता सोय नाही.

मी उठले आणि सरळ माहेर गाठलं. तिवशाच्या रस्त्यावर दोन कोसांवर माझं माहेर. पोचले तेव्हा खांद शेकायचं चाललं होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात ना, ते. आमच्या दादाच्या बैलांचा थाट काय सांगावा! कापसाचे भाव चढले तेव्हा त्याने बैलांना चांदीची घुंगरं केली होती, आणि चाकाच्या लोखंडी धावांनाही चांदीच मढवायला निघाला होता. वहिनीने विहिरीत उडी घ्यायची धमकी दिली म्हणून राहिलं. भाव खाली बसून दोन वर्षं झाली होती, पण आमच्या गावाची चढलेली उतरली नव्हती. आज ना उद्या विलायतेहून कापसाला परत बोलावणं येईल या भरवशावर सगळे झुलत होते.

मी पाटलाच्या ओट्यावर उभी राहून सगळं सांगितलं. पाटील म्हणाले, "पोरी, जावई आमच्या गावचा हाय. त्याचा शबूद आमी खाली पडू देनार नाई. पन बैल? पोळ्याच्या दिवशी? तूच सांग, कसे जुंपू?"

"मंग तुमीच घ्या ना जुंपून!" मी ओरडले. "खांदे तर तुमाले बी हायेत!"

रागाने बोलले होते, बाकी काही नाही. पण पाटलांच्या तोंडावर असं हसू उगवलं की मला धडकीच भरली. दादाने मांडीवर थाप मारली. "लाखाचं बोलली माही बहीण!"

दुसऱ्या दिवशी दुपारी जे झालं ते आठवून मला आजही एकटीला हसू फुटतं आणि सुना आत येऊन बघतात. तोरणाखाली बैल उभे, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, तोंडात पुरणपोळी. आणि वेशीवर गावच्या साऱ्या गाड्या, जुवाखाली माणसं! बायका तर सुटल्याच. एकीने नवऱ्याला ओवाळलं, एकीने दिराच्या गळ्यात घुंगरं बांधली. वहिनीने दादाच्या कपाळावर शिंगांचा हिंगूळ फासला आणि पुरणपोळीचा घास भरवून म्हणाली, "खा बापा, वर्षभर राबतोस." मानाचा बैल म्हणून पाटील पहिल्या गाडीला. पोळ्याला झडत्या म्हणतात, त्यातही कुणीतरी जागच्या जागी नवी जुळवून आरोळी ठोकली:

हुकूम आला घोड्यावरून,
गाड्या आना चिखलातून!
बैल बसले पोळी खात,
पाटील निघाले जू घेऊन!

हर हर महादेव झालं आणि गाड्या हलल्या. रिकाम्याच होत्या, पण चिखल असा की दर शेताला एक गाडी बसायची आणि दहा माणसं तिच्या चाकाला लागायची. पडले, उठले, एकमेकांना शेपटी पिरगाळायच्या धमक्या दिल्या. मी दादाच्या गाडीत बसले होते. कुणी उतर म्हणालं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी उतरले नसते. इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.

दिवे लागायच्या आत आम्ही छावणीत. पलटणीचा साहेब बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत काळी झालेली, हिंगूळ लावलेली, घुंगरं बांधलेली ती माणसं त्याने पाहिली.

"सुभेदार, बैल कुठे आहेत?"

हे ताठ उभे राहिले. "साहेब, बैल आज सुट्टीवर आहेत."

साहेब हसता हसता खाली बसला. खरंच बसला, पायरीवर. चांगला माणूस होता. पण वर तार करायची तर हसण्याची तार करता येत नाही; गाड्या आल्या पण सामान निघालं नाही, एवढंच कळवलं गेलं.

कर झाली, तिसऱ्या दिवशी बैल आले, सामान भरून गाड्या निघाल्या. अकोल्याला पोचेपर्यंत आणखी उशीर झाला. आणि तिथे पाहावं तर काय, सामान न्यायला डबेच नव्हते! ते आणखी कुठल्या स्टेशनावर पाठवले होते म्हणे. मुंबईत जहाज थांबलं नाही म्हणे, की जहाज आलंच नाही म्हणे. दोन्ही बातम्या एकाच दिवशी आल्या. सामान अकोल्यात पडून राहिलं, आणि वरचे लोक कुणाला धरावं ते शोधू लागले.

महिन्याभराने अकोल्यात चौकशी लागली. मी हट्टाने बरोबर गेले आणि कचेरीच्या खिडकीखाली लिंबाच्या सावलीत बसले. पलटणीचं वरचं ठाणं हैदराबादेला, तिथून आलेला मोठा साहेब एवढ्या मोठ्याने बोलायचा आणि दुभाषी त्याहून मोठ्याने, की ऐकायला कान लावावे लागले नाहीत.

त्या मोठ्या साहेबाने ह्यांना वाट मोकळी करून दिली होती. पाटलाने बैल द्यायला नकार दिला, एवढं म्हणा. गावाला दंड बसेल, पाटलाची पाटीलकी जाईल, तुम्ही सुटाल.

"नाही साहेब. गाव तर स्वतः जुवाखाली आलं."

"मग चूक कुणाची?"

"तारखेची. मी आधी कळवलं होतं."

"सरकारी हुकूम चुकत नसतो."

ह्यांचा आवाज आला, "मग माझीच असेल, साहेब."

नोकरी गेली, पेन्शन गेली. अंगातला कोट तिथेच उतरवून घेतला. बाहेर आले ते नुसत्या बंडीवर, आणि मला म्हणाले, "चल, तुला आगगाडीत बसवतो." मी पहिल्यांदा आगगाडीत बसणार होते. खोटं कशाला सांगू, एवढं सगळं होऊनही माझ्या पोटात आनंदाने गुदगुल्या होत होत्या.

स्टेशनावर पत्र्याखाली कापसाच्या गाठी कोरड्या ठणठणीत रचलेल्या होत्या. बाहेर उघड्यावर आमच्या पलटणीची खोगिरं, आणि वरून रिपरिप पाऊस. ताडपत्री वाऱ्याने सरकून बाजूला पडली होती. हे थांबले. गाठोडं माझ्या हातात दिलं आणि ताडपत्री ओढायला लागले.

हमाल म्हणाला, "सुभेदारसाहेब, तुमाले तर काढून टाकलं ना? मंग हे कायले करून राहिले?"

"ओल्या खोगिरानं खेचराची पाठ सोलून निघते रे," हे म्हणाले. "त्याले काय ठाऊक कोनाची चूक?"

तेवढ्यात आगगाडी आली. मी हाका मारल्या, शिव्या घातल्या. हे दोराला गाठी मारत होते, एक बांधली की दुसरी सुटायची. गाडी सुटली तेव्हा ते गुडघ्यावर बसून शेवटचा दोर ताणत होते. मी गाठोडं चिखलात टाकलं आणि साऱ्या स्टेशनासमोर भोकाड पसरून रडले. मला त्या माणसाचा इतका राग आला होता आणि इतका अभिमान वाटत होता की दोन्ही एकदम मावेनात.