वाकरुळकरांच्या मलिद्यातलं केळं

आरेच्या डेअरीत एलिझर वाकरुळकरांनी चौतीस वर्षं दूध तपासलं. निवृत्त झाल्यावर, बासष्टाव्या वर्षी, त्यांनी अंधेरीतल्या हिब्रूच्या वर्गात नाव घातलं. वर्ग रविवारी सकाळी, एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत भरायचा. विद्यार्थी सहा, सगळ्यांत लहान एक्केचाळीसचा. शिकवणारी रिव्का एकोणतीसची.

"या वयात बाराखडी?" शेजारच्या उत्तराताईंनी जिन्यात विचारलं.

"तुमचे पोथी वाचतातच ना?"

"आमचे चष्मा शोधतात," त्या म्हणाल्या. "वाचते मी."

एलिझर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात शुक्रवारी दिवा लागायचा, मटणाबरोबर दूध-दही यायचं नाही. का, ते कुणी विचारलं नव्हतं. प्रार्थना त्यांना पाठ होत्या, पण रेल्वेतल्या घोषणेसारख्या: कानावर पडायच्या, अर्थ दुसऱ्याला माहीत.

वर्गात अर्थ उलगडू लागला. फळ खाण्याआधी देवाचे आभार मानायचे, पण सगळ्या फळांसाठी शब्द एक नाहीत. झाडाच्या फळाला वेगळे, जमिनीतून येणाऱ्याला वेगळे. घरी येऊन ते भाजीच्या टोपलीसमोर बसत आणि एकेक फळ उचलून त्याचे शब्द म्हणत.

"ती पपई ठेवा आता," बायको सिम्हा म्हणाली. "चार वेळा आभार मानले तिचे. पिकून पडेल."

मुलगी ओर्ना मुलुंडच्या नव्या घरी राहायला गेली आणि तिने मलिदा ठरवला. मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले भिजवलेले पोहे, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. वाकरुळकरांकडे ती चाळीस वर्षं चुलतभाऊ रहामिमदादा म्हणत आले होते.

"या वेळी बाबा म्हणतील," ओर्नाने फोनवर सांगितलं.

दादा बोरिवलीहून पांढरी टोपी घालून आले, ते थेट एलिझरांसमोर. "म्हण की. पण एक शब्द चुकला, तर पुस्तक माझ्या हातात. देवासमोर प्रयोग नकोत."

"कबूल," एलिझर म्हणाले. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

पांढऱ्या चादरीवर ताट ठेवलं. वीस-बावीस माणसं भोवती बसली. सुरुवात ठीक गेली. एलिझर प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होते, दादा शेजारी बसून ओठ हलवत होते. खजूर झाला. सफरचंद झालं. दोन्ही झाडाची फळं.

मग एलिझरांनी केळं उचललं आणि जमिनीच्या फळाचे शब्द म्हटले.

"थांब!" दादांनी हात पुढे केला. "चुकलास. केळं झाडाला लागतं. आण ते पुस्तक."

सिम्हाने ओर्नाकडे पाहिलं. एलिझरांनी पुस्तक दिलं नाही.

"दादा, नवगावच्या वाडीत तुझ्या केळी आहेत ना?"

"पस्तीस. त्याचा इथे काय संबंध?"

"घड उतरवलास की केळीचं काय करतोस?"

"काय करणार? तोडतो. केळ एकदाच विते."

"आणि आंबा?"

"आंबा कोण तोडेल! तो दरवर्षी..." दादा बोलता बोलता थांबले.

"वर्गात मीही झाडच म्हणालो होतो," एलिझर म्हणाले. "टीचरने हेच विचारलं. जे दरवर्षी उभं राहून फळतं, ते झाड. केळ जमिनीतून नवीन येते. म्हणून तिचे शब्द जमिनीचे."

दादांनी टोपी काढली, टक्कल पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"म्हणजे चाळीस वर्षं मी देवाला केळी चुकीच्या पत्त्यावर पाठवतोय?"

"पोचली असतील रे, दादा."

आधी सिम्हा हसली, मग सगळी खोली. सगळ्यांत जोरात हसले ते दादाच. हसू ओसरल्यावर त्यांनी पुस्तक मागायला पुढे केलेल्या हातानेच ताट एलिझरांकडे सरकवलं आणि मोठ्याने "आमेन" म्हटलं. मग भावाच्या गुडघ्यावर चापट मारली.

"वाच पुढे, मास्तर. पोहे सुकतायत."

एलिझरांनी ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.