ओळीचे शेवटचे दोन शब्द

"मॅडम, फिर गया," अंकित सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

गेले म्हणजे ओळीचे शेवटचे दोन शब्द. सकाळपासून हा अकरावा टेक. टेक म्हणजे गाणं एकदा गाऊन रेकॉर्ड करून पाहणं. दर वेळी ओळ छान सुरू व्हायची आणि शेवटी आवाज दूर गेल्यासारखा व्हायचा.

काचेपलीकडे प्रचिती उभी होती. बावीस वर्षांची पोरगी. तिच्या दोन हिंदी गाण्यांवर आमच्याकडे लग्नात पोरं नाचतात. हे तिचं तिसरं गाणं आणि पहिलं मराठी. मराठी म्हणजे आमच्या घरात बोलतात ती, नागपूरकडची. "मरोद्याच्या वळणावर थांबली मी, तू येऊन राहिला का नाही?" शब्द तिचे, चालही तिचीच. पण गाण्याचे हक्क रायपूरच्या एका कंपनीला दिलेले, आणि अंकित सर त्या कंपनीचे.

"चार बजे तक नहीं हुआ तो आवाज़ किसी और की ले लेंगे," ते मला हळूच म्हणाले. "गाना तो आएगा ही."

हळूच कसलं! आतल्या गाणाऱ्याशी बोलायचं बटण असतं ना, टॉकबॅक, त्याच्यावर माझं बोट तसंच दाबलेलं होतं. प्रचितीनं सगळं ऐकलं. काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, मेरा गाना है वो."

मी घाईनं बटणावरचं बोट उचललं.

माझा स्टुडिओ रायपूरजवळच्या सुपेल्यात, गाद्यांच्या दुकानावर. हे काम मी कुठं शिकले नाही. नवरा रेल्वेत होता, आणि जोडीला आमचं कॅसेट भरून द्यायचं दुकान. तिथं बसता बसता हात बसला. खालच्या दुकानदाराच्या जुन्या गाद्या भिंतींना ठोकल्या की झाला स्टुडिओ. तरी ट्रकचा हॉर्न येतोच. तेव्हा थांबायचं, चहा घ्यायचा, परत सुरू करायचं.

तर पहिला संशय माइकवर. माइक बदलला, केबल बदलली. फरक शून्य. मग वाटलं, दम पुरत नाही.

"सकाळी काय खाल्लं व?"

"पोहा-जलेबी."

"मंग दम कावून नाही?"

"दम है मावशी, देखो," म्हणत तिनं एक सूर इतका लांब धरला की अंकित सर घड्याळ बघायला लागले.

मग पंच-इन करून पाहिलं. म्हणजे बिघडलेला तुकडाच फक्त परत गाऊन तिथं बसवायचा. "का नाही" एवढंच तिच्याकडून वेगळं गाऊन घेतलं. बसवलं तर कळत होतं, जसं नव्या साडीला जुना काठ.

शेवटी मी माझी खुर्ची सोडली. हेच आधी करायला पाहिजे होतं. आत तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, गा. कानानं नाही, डोळ्यानं पाहिलं. "तू येऊन राहिला" म्हणेपर्यंत तोंड माइकसमोर. "का नाही" आलं की मान डावीकडे. माइक समोरचं ऐकतो. डावीकडे गाईल तर तो काय करणार बिचारा!

"तू मान कावून फिरवून राहिली?"

"मैंने फिराई? कब?"

तिला माहीतच नव्हतं. आणि मला एकदम माहीत झालं.

प्रचिती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. जवळच्याच मरोद्याच्या बुद्धविहारातलं महिला मंडळ भीमगीतांची सीडी करायला आलं होतं. कोरसमध्ये बाया, पुढे ही एवढीशी. माझ्याकडे माइक एकच. पोरीनं ओळ म्हणायची, शेवटचे शब्द कोरसनं उचलायचे. पण तिच्या आवाजानं बायांचा आवाज दबायचा. म्हणून मीच तिची हनुवटी धरून शिकवलं होतं, "शेवट आला का मान आत्याकडे फिरवायची, शेवट आत्याले द्यायचा." आत्या म्हणजे तिची सख्खी आत्या, मंडळाची पुढारी. पुढं कितीतरी वर्षं पोरगी त्याच मंडळात, तशीच गात राहिली. माझी शिकवण हाडात गेलेली, आणि मी माइक बदलत बसले होते!

मी तिला सांगून टाकलं, चूक माझी आहे. आता मान फिरवू नको. झालं, पुढचा टेक आणखी वाईट. सगळं ध्यान मानेत, गाणं नोटीस वाचल्यासारखं.

तीन वाजले होते. मी आत्याला फोन लावला. काही नाही तर आत्याला पाहून पोरगी हसेल तरी, असा विचार. आत्या ऑटोनं आल्या, जयभीम घातला आणि सरळ आत जाऊन घसा साफ करायला लागल्या.

"आत्या, तुमी तिच्या डावीकडे उभ्या राहा. पण गायचं नाही."

"गायचं नाही तं मले बलावलं कावून?"

"चूप राहाले."

"हे तं जास्त कठीण आहे वो," म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

टेक सुरू. ओळ आली, मान फिरली, पोरीनं शेवट आत्याच्या हातात दिला. आत्यांनी घेतला नाही. म्युझिक पुढं चाललं, मधे खड्डा. प्रचितीला हसू फुटलं.

"मायाकडे काय पाहून राहिली?" आत्या म्हणाल्या. "लय वर्षं उचलला तुया शेवट. आता तुयं तू पुरं कर."

प्रचितीनं हसू आवरलं, डोळे पुसले. पुढच्या टेकला नजर आत्याकडे गेली, मान जागेवर राहिली. "का नाही" असं आलं की अंकित सरांनी मोबाइल खाली ठेवला. तसंच सगळं गाणं, एका दमात. चारला वीस मिनिटं होती.

गाणं तिच्याच आवाजात आलं. फाइल घेताना अंकित सरांनी विचारलं, "इनका नाम क्या लिखूँ? इन्होंने तो गाया ही नहीं."

"लिहा ना मंग," आत्या म्हणाल्या, "चूप राहिली."

नाही लिहिलं त्यांनी. लिहायला पाहिजे होतं.

आता मंडळातली एखादी पोरगी एकटीनं गायला आली की मी आधी तिची मान बघते, मग माइक. आणि मान फिरवायला कोणी शिकवलं ते मात्र विचारत नाही.