भोक पाडलेला डबा

रत्नागिरीच्या बाजारात माझ्यापुढे भल्याभल्यांनी भाव उतरवले. आमचा मिस्त्री मात्र कधी बधला नाही. गाडीत कोणतं ऑइल घालायचं, हे तो डब्यावरचं नाव वाचून ठरवत नसे. "माल किती, घाट किती?" एवढंच विचारायचा आणि इंजिनाला कान लावायचा.

एका आंब्याच्या हंगामात मी घासाघीस करून निम्म्या भावात ऑइलचा डबा आणला. त्याने दोन थेंब बोटांत चोळले, हुंगले.

"शेट, जळकं ऑइल गाळून भरलंय. मी नाय ओतणार."

"गाडी माझी, पैसा माझा! ओत गुमान!"

"मग दुसरीकडे न्या. इंजिन बसलं की माझ्याकडे आणू नका."

हमाली करून घेतलेला माझा एकुलता एक टेम्पो होता तो. धुमसत गेलो आणि पुऱ्या भावात नवा डबा आणला. ऑइल ओतून झाल्यावर त्याने रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडलं.

"अरे, घरी रॉकेलला झाला असता!" मी ओरडलो.

"आणि मग भंगारात गेला असता. तिथे कोणीतरी त्यात परत जळकंच भरलं असतं."

त्या डब्याचा राग अजून आहे. पण घाटात बंद पडलेली गाडी दिसली, की थांबून मी छाती काढून त्याचाच पत्ता देतो.