भायेरची माशी

राहनाळला आमच्या शेजारच्या काकी पदर खोचल्याशिवाय मधमाश्यांविषयी बोलत नाहीत. गोदामांच्या मधे उरलेल्या त्यांच्या वाडीतल्या साऱ्या पेट्या एकाच राणीच्या वंशातल्या. "भायेरची माशी माझ्या दारात न्हाय," हा त्यांचा तोरा. आजूबाजूची झाडं गेली, तशी रानातली पोळीही गेलीच होती.

मग पोळ्यांत भोकं दिसू लागली. अळ्यांनी भरलेल्या घरांमध्ये मधेच रिकामी घरं. काकींनी रोग समजून सगळे उपाय केले. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, म्हणून भीत भीत म्हणालो, "काकी, राण्या ह्यांच्यातल्याच, नरही ह्यांच्यातलेच. भावाबहिणीचं लग्न लागतंय. अशा जोडीच्या बऱ्याच अळ्या माश्याच खाऊन टाकतात."

काकी उठून आत गेल्या. पुढचे बरेच दिवस रोगाचेच उपाय करत राहिल्या.

एका सकाळी मात्र नथ घालून टेम्पोत बसल्या. कधी कुणाकडे चिमूटभर मीठ न मागणारी ही बाई डोंगरातल्या पाड्यावर गेली आणि तिथल्या एका आजीला साडी-नारळ देऊन पोळं मागून घेऊन आली. नवी पेटी वाडीच्या मधोमध ठेवली, तिला कुंकू लावलं. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, तशा काकी कडाडल्या, "ए, हॉर्न मत बजा! घर में मेहमान आयेला है!"

पुढच्या हंगामात काकींच्या नव्या राण्या पाड्यावरच्या पेटीतल्या नरांशी जुळल्या आणि त्यांची पोळी गच्च भरली. काकींनी एक चौकट उचलून माझ्या नाकासमोर धरली. "बघ, एक तरी घर रिकामं हाय?"

मी चिडवलं, "पण काकी, भायेरची माशी?"

त्यांनी पदर खोचला.

"भायेरची कशी? जावई हाय तो माझा!"