पोदेराचा भोंपू
आज सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला आणि बाळांनो, मला पार्से गावातली ती दहा किलोमीटरची शर्यत आठवली. पासष्टी ओलांडल्यावर मी धावू लागले होते. आदल्या वर्षी गुडघा दुखला म्हणून शेवटच्यांना उचलणाऱ्या गाडीत बसले, तेव्हापासून वाड्यावर मी ‘गाडीतली बाई’ झाले होते. या खेपेलाही मी सर्वांत मागे होते. पिकलेल्या काजूबोंडूंचा वास दाटला होता, गुडघा ठणकत होता आणि तीच गाडी पाठीशी होती. ‘आजी, बस गो, थंय मांडव सोडूक लागले,’ चालक म्हणाला. ‘सोडूं दी. माका माजे पाय आसत,’ मी म्हटले. एवढ्यात आमचा पोदेर सायकलने शेजारी आला आणि भोंपू वाजवू लागला. बायका पावासाठी पिशव्या घेऊन दारात आल्या. पाहतात तर मी! ‘पाव मागीर, आदीं आजयेक वाट दियात!’ तो ओरडला, तशा त्या बाजूला झाल्या. मी पोचले तेव्हा शर्यत संपते तिथल्या मांडवाचे दोनच बांबू उभे होते. मी त्यांच्या मधूनच धावत गेले. यंदाही नाव दिले आहे. गुडघ्याला विचारलेले नाही.