मागची चाकं आणि आमच्या सासूबाई

मंडळी, आज बजबज गावी, समुद्राची भरती आत शिरते त्या नदीकाठी आमची गाडी चिखलात रुतली. पुढची चाकं नुसतीच गरगर फिरत होती, भरतीचं पाणी वर चढत होतं.

तेवढ्यात मागच्या चाकांनी जोर लावला आणि गाडी सुटली!

"मागची इतका वेळ झोपली होती का गं?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, कोरड्या रस्त्यावर पुढचीच पुरतात. ती घसरली की गाडी आपोआप मागच्यांना जोर देते."

"म्हणजे मीच की! तुमचं अडलं की साताऱ्याहून मला बोलावता."

खूप हसलो. पण खरंच, माझं बाळंतपण, मग ऑपरेशन, दोन्ही वेळा त्याच धावून आल्या.

तुमच्याकडे मागची चाकं कोण?

मी घरी येताच म्हटलं, "आई, सध्या काहीच अडलेलं नाही. तरीही राहा."